माळ्यावरच्या तबकड्यांसाठी टर्नटेबल घेताना

टर्नटेबल घ्यायचंय, कुठलं घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: रेकॉर्ड्स कुठल्या आहेत? समोरचा जरा गोंधळतो, कारण त्यानं मॉडेलांची नावं पाठ करून ठेवलेली असतात आणि रेकॉर्ड्स मात्र अजून माळ्यावरच्या खोक्यात असतात. पण पंधरा-वीस हजारांत भागवायचं असेल तर हिशेब त्या खोक्यापासूनच सुरू करावा लागतो. मशीन बिघडलं तर दुसरं मिळतं. आजोबांच्या हस्ताक्षरात तारीख घातलेली ती तबकडी दुसरी मिळणार नाही.

आधी खोकं उघडा

तीन प्रकार निघतील. सात इंची छोट्या ईपी, बारा इंची एलपी, आणि नशीब असेल (किंवा नसेल) तर दहा इंची, जाड, जड, पडली की फुटणाऱ्या लाखेच्या तबकड्या. या लाखेच्या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांची जुनी ध्वनिमुद्रणं याच रूपात आली, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली. तिचा वेग ३३, अगदी नेमका सांगायचा तर ३३ पूर्णांक एक तृतीयांश. ईपी बहुतेक ४५ च्या असतात, पण आपल्याकडे सात इंचातही ३३ वेगाच्या निघाल्या आहेत. तेव्हा आकारावर जाऊ नका, लेबल वाचा.

हे एवढ्यासाठी सांगतोय की आज मिळणाऱ्या स्वस्त नव्या टर्नटेबलांपैकी बऱ्याचशांवर ७८ चा वेग नसतोच. आणि नुसता वेग असून भागत नाही. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते. तिला लागणारी सुई टोकाशी एलपीच्या सुईच्या जवळजवळ चौपट जाड. एलपीची सुई त्या खाचेत घातली तर ती तळाशी खरडत जाते आणि खरखरीखाली गाणं दबतं. उलट केलंत, म्हणजे ७८ ची सुई एलपीवर टेकवलीत, तर एलपी गेलीच म्हणून समजा.

खोक्यात चाळीस एलपी आणि चार लाखेच्या तबकड्या असतील तर एलपीचं मशीन घ्या आणि त्या चार तबकड्या जपून ठेवा. चार तबकड्यांपायी सगळं बजेट ७८ च्या मागे लावणारे लोक मी पाहिले आहेत. शेवटी त्यांच्याकडे ना धड हे वाजतं ना ते. उलट खोकं लाखेच्या तबकड्यांनीच भरलेलं असेल, तर तीन वेगांचं आणि सुई बदलता येणारं मशीनच हवं.

पैसे नुसत्या टर्नटेबलाचे नसतात

नवख्या माणसाची फसगत होण्याची ही हमखास जागा. टर्नटेबल आणलं, घरच्या होम थिएटरच्या ऑक्समध्ये पिन खुपसली, आणि गाणं डासाच्या गुणगुणीएवढं आलं. मशीन खराब नसतं. चुंबकीय कार्ट्रिजमधून (सुई जिच्यात बसते ती छोटी डबी) निघणारा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा असतो. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्जाचा भाग मुद्दाम कमी आणि तारेचा भाग मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, नाहीतर खर्जाच्या लाटांनी खाचा एकमेकींत घुसल्या असत्या. वाजवताना ते उलटं करून घ्यावं लागतं. ही दोन्ही कामं फोनो प्री-अँप करतो.

हा प्री-अँप तीनपैकी एका ठिकाणी हवा. जुन्या अँप्लिफायरच्या पाठीमागे ‘फोनो’ लिहिलेलं भोक असेल तर तिथे. नव्या टर्नटेबलांत बहुधा आतच बसवलेला असतो आणि मागे ‘फोनो’ व ‘लाइन’ असा खटका असतो. दोन्ही नसेल तर दीड-दोन हजारांपासून पुढे वेगळी डबी मिळते. दोन ठिकाणी मात्र एकदम नको. टर्नटेबल ‘लाइन’वर ठेवून ते अँप्लिफायरच्या ‘फोनो’त जोडलं तर गाणं फाटून येतं आणि माणूस उगाच सुईला दोष देत बसतो.

म्हणून वीस हजारांतले वीसही मशीनवर घालवू नका. घरात ऑक्सचं भोक असलेली कुठलीही बरी सिस्टिम असेल तर तीच आधी वापरा. स्पीकर नंतर बदलता येतात.

सुटकेस आणि कर्णा

रंगीत सुटकेसमधलं, स्पीकर आतच असलेलं, सात-आठ हजारांत भेट म्हणून देण्यासारखं मशीन दिसायला गोंडस असतं. घेऊ नका. ते एका रात्रीत रेकॉर्ड खातं वगैरे जे म्हणतात ते अतिशयोक्त आहे. पण त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असतं, सुईचा भार बऱ्या मशीनच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त, आणि तो कमी-जास्त करायची सोय नाही. वर त्याच पेटीत स्पीकर थरथरतात आणि ती थरथर सुईला लागते. रेकॉर्ड जराशी वाकडी असली की आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, उडी मारतो. आवाज म्हणाल तर चांगल्या मोबाइलचा यापेक्षा बरा.

पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिवाणखान्यात शोभतो. बाजारात दिसणारे बरेचसे शोभेसाठीच नव्यानं जोडलेले असतात. त्यावर लोखंडी पिन लावून ७८ च वाजवायची, तीही प्रत्येक बाजूला नवी पिन घालून. एलपी त्याच्या आसपासही नेऊ नका.

नवीन घ्यायचं तर

ज्याला फक्त गाणी ऐकायची आहेत, स्क्रू-ड्रायव्हर हातात धरायचा नाही, त्याला मी बिनदिक्कत ऑडिओ-टेक्निकाचं एलपी६०एक्स किंवा त्याच जातीचं साधं ऑटोमॅटिक सांगतो. पंधरा हजारांच्या आसपास जातं. बेल्टवर चालतं, वेग ३३ आणि ४५, प्री-अँप आत. बटण दाबलं की आर्म आपण होऊन रेकॉर्डवर जातो आणि बाजू संपली की परत येतो. सुईचा भार कारखान्यातच ठरवलेला. कार्ट्रिज बदलता येत नाही, सुई बदलता येते. जाणकार मंडळी याला नाकं मुरडतात. मुरडू देत. दुपारी गाणं लावून डोळा लागणाऱ्या माणसाला आर्म आपोआप परत येणं म्हणजे काय चीज आहे हे त्या मंडळींना कळत नाही. तसं नसेल तर सुई शेवटच्या खाचेत तासन्‌तास टक-टक करत झिजत राहते.

पुढे कार्ट्रिज बदलायची, भार स्वतः लावायची हौस असेल तर मागे वजन फिरवता येणारा आर्म हवा. याच कंपनीच्या एलपी१२०एक्समध्ये ते आहे, ७८ चा वेगही आहे, आणि त्यातल्या कार्ट्रिजला ७८ ची वेगळी सुई मिळते. पण त्याची किंमत पहिल्याच्या कितीतरी वर जाते आणि ते पूर्ण हाताने चालवायचं मशीन आहे. लाखेचं खोकं असलेल्यांसाठी ते पैसे सार्थकी लागतात, बाकीच्यांनी त्या फरकात रेकॉर्ड्स घ्याव्यात.

अनोळखी ब्रँडचं काही दाखवत असतील तर एकच गोष्ट विचारा: याची सुई वेगळी मिळते का, आणि तिचा नंबर काय? दुकानदाराला सांगता आलं नाही तर नमस्कार करून निघा.

जुनं घ्यायचं तर

सगळ्यात चांगलं जुनं मशीन बाजारात नसतं, नात्यात असतं. कुणाच्या तरी काकांकडे बेडखाली टेक्निक्स किंवा पायोनियर पडलेलं असतं आणि काकूंना ती जागा हवी असते. आधी तिथे विचारा. मग बाजार: पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, आणि अर्थातच ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या जाहिराती.

‘चालू कंडिशन’ या शब्दांचा बाजारातला अर्थ एवढाच की प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची थाळी, फिरतो. बाकीचं तुम्ही बघायचं. जाताना खिशात मोबाइल, कागदाची एक चिटोरी, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग आणि एक टाकाऊ एलपी न्या. तुमची चांगली रेकॉर्ड परक्याच्या सुईखाली कधीच घालायची नाही.

पहिली परीक्षा वेगाची. एलपी ठेवा, कडेला कागदाची चिटोरी अशी खोचा की दर फेरीला बोटाला लागेल, आणि मोबाइलवर तीन मिनिटं लावून फेऱ्या मोजा. ३३ वर बरोबर १०० भरल्या पाहिजेत, ४५ वर १३५. विक्रेता तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल, बघू दे. ९९ किंवा १०१ आल्या तर फारसं काही नाही, बेल्ट सैल असेल, किंवा बाजूला बारीक स्क्रू असतो त्यानं वेग जुळवता येतो. ९५ आल्या तर कारण कळल्याशिवाय पैसे काढू नका.

मग आर्म. मशीन बंद ठेवून सुईला धक्का न लावता आर्मचं टोक दोन बोटांत हलकंच धरा आणि किंचित मागे-पुढे हलवून बघा. सांध्यात खडखड जाणवली तर बेअरिंग गेलं आहे, आणि ते दुरुस्त करण्याच्या नादाला लागू नये. नंतर मागचं वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगेल असा करा आणि हलकी फुंकर मारा. तो अडखळत सरकता कामा नये, वाऱ्यावर पान जावं तसा गेला पाहिजे. मध्येच कुठे अडला तर सोडून द्या. वजनच नसेल, हरवलं असेल, तरीही सोडून द्या. त्याच मॉडेलचं वजन शोधण्यात वर्ष जातं.

सुई भिंगाखाली बघा, पण ती झिजलेलीच आहे असं धरूनच भाव करा. नव्या सुईचे पैसे किमतीतून वजा. मात्र कार्ट्रिज दोन स्क्रूंनी, अर्ध्या इंचाच्या अंतरावर बसवलेलं आहे ना, हे पक्कं करा. तसं असेल तर आजही डझनभर नवी कार्ट्रिजं त्यावर बसतात. ऐंशीच्या दशकात आर्मच्या नळीत सरळ खोचायची कार्ट्रिजं आली, त्यांत निवड फार कमी उरली आहे. त्याच काळातले, आर्म सरळ रेषेत सरकणारे देखणे टर्नटेबल दिसले तर फोटो काढा आणि पुढे चला.

आवाज ऐकताना दोन्ही बाजू येतायत का बघा. एकच बाजू येत असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा आर्मच्या टोकाच्या पिनांवर काळा थर बसलेला असतो. टोक काढून पिना पुसल्या की आवाज येतो. विक्रेत्याला हे माहीत नसेल तर त्याचा भाव तुमच्या पथ्यावर पडला. मोठी घुमघुम येत असेल तर मागची बारीक ग्राउंडची वायर लोंबकळते आहे का ते बघा.

यंत्रणा कुठली, हाही प्रश्न येतो. बेल्टवालं असेल तर बेल्ट ही किरकोळ बाब, काही शे रुपयांत येतो. मोटर आणि प्लॅटरच्या मध्ये रबरी चाक असलेलं असेल तर ते रबर कडक झालंय का ते नखानं दाबून बघा; वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलेल्या चाकाला खाच पडते आणि दर फेरीला धप्‌-धप्‌ ऐकू येतं. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटरच थेट प्लॅटर फिरवते ते, सगळ्यांत टिकाऊ, पण आतली आयसी गेली तर सुटा भाग मिळवणं अवघड. टेक्निक्सचं १९७२ साली आलेलं एसएल-१२०० याच जातीचं. डीजे मंडळींनी त्याचे जुने भावही असे चढवून ठेवलेत की आपल्या बजेटात तो विषय येत नाही. त्याच कंपनीची साधी मॉडेलं बघा.

एचएमव्हीचं किंवा फिलिप्सचं पेटीतलं जुनं मशीन घरात असेल तर ते विकू नका आणि रोज वापरूही नका. त्यातल्या अनेकांच्या सुईला बारीक खटका असतो. तो फिरवला की एका बाजूला एलपीची सुई, दुसऱ्या बाजूला ७८ ची. खटका उलटा राहिला आणि कुणी एलपी लावली, असं किती घरांत झालं असेल देव जाणे. आमच्याकडे एक एलपी त्यातच गेली.

अमेरिकेहून आलेलं मशीन

याबद्दल सविस्तर सांगतो, कारण हा धडा मी पैसे मोजून शिकलो. न्यू जर्सीतला माझा आतेभाऊ घर बदलत होता. त्यानं त्याचं बेल्टवालं टर्नटेबल बॅगेत घालून आणून दिलं, फुकट. तिथली वीज १२० व्होल्ट, आपली २३०, हे मला ठाऊक होतं. लॅमिंग्टन रोडवरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला, जोडला, भावगीतांची एक एलपी लावली आणि मोठ्या अभिमानानं आईला हाक मारली.

आईनं ओढणीला हात पुसत दोन ओळी ऐकल्या. ती बरीच वर्षं पेटी वाजवायची. म्हणाली, “अरे, ही बाई काळी चारला गाते. आज पांढरी चारला का गातेय? आणि लय बघ, झोप येतेय तिला.”

मी कागदाची चिटोरी लावून मोजलं. तीन मिनिटांत ८३ फेऱ्या.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०. जुन्या बेल्टवाल्या आणि रबरी चाकवाल्या मशीनांची मोटर त्या आवर्तनांच्या तालावर फिरते. म्हणजे सगळं सहाला पाच या प्रमाणात संथ होतं, १०० च्या ८३ होतात, आणि सूर बरोबर सा आणि कोमल गंधार यांच्यातल्या अंतराएवढा खाली उतरतो. आईच्या कानानं मीटरशिवाय ते सांगितलं.

यावर उपाय मोटरवरची पुली बदलण्याचा. युरोपात विकलेल्या त्याच मॉडेलची ५० आवर्तनांची पुली मिळाली तर उत्तम. मला मिळाली नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली, व्यास मूळच्या एक पूर्णांक दोन दशांश पट. तरी फेऱ्या ९९ भरल्या, कारण मी बेल्टची जाडी हिशेबात धरलीच नव्हती. दुसऱ्या पुलीला १०० आल्या. तोवर ‘फुकट’ मशीनवर ट्रान्सफॉर्मर, दोन पुल्या आणि चार रविवार गेले होते.

तेव्हा परदेशातून कुणी काही आणत असेल तर बॅग भरण्याआधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा. ‘५०/६०’ असं लिहिलेलं असेल, किंवा आत डीसी मोटर असेल, वेग क्वार्ट्झवर ठरत असेल, तर फक्त व्होल्टचा प्रश्न उरतो. आज मिळणारी अडॅप्टरवाली नवी मशीनं तर बहुधा कुठेही चालतात. नुसतं ‘१२० व्होल्ट, ६०’ असेल आणि बेल्ट असेल, तर भावाला सांगा, तिथेच कुणाला तरी दे. जपानहून आलेली १०० व्होल्टची मशीनंही आपल्या बाजारात दिसतात. ती थेट आपल्या प्लगमध्ये घालून ‘बघा चालतंय’ म्हणणाऱ्याला आधी थांबवा.

घरी आणल्यावर

जागा. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर नकोत. चाललं की हलणाऱ्या लाकडी टेबलापेक्षा भिंतीतला कडाप्प्याचा ओटा किंवा शहाबादी फरशीचा तुकडा कितीतरी बरा. पाणसळ ठेवून सपाट करा. मोबाइलमधली पाणसळ चालते.

भार. मागे वजन असलेला आर्म असेल तर तो आधी हवेत तरंगता करा, आकड्यांची चकती शून्यावर आणा, मग वजन आणि चकती मिळून कार्ट्रिजसाठी सांगितलेल्या आकड्यापर्यंत फिरवा. बऱ्याच कार्ट्रिजांचा तो दोन ग्रॅमच्या आसपास असतो. अँटीस्केटची (आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून असते ती) चकतीही त्याच आकड्यावर. कमी भार ठेवला की रेकॉर्ड जास्त टिकते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत नाचते आणि कडा फोडते.

धुणं. माळ्यावर दोन पावसाळे काढलेल्या एलपीवर पांढुरकी बुरशी असते. इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ सुती फडकं, खाचांच्या दिशेनं गोल पुसायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा. लेबल भिजू द्यायचं नाही. लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका, लाख विरघळते. सुकल्यावर उभ्या ठेवा, एकीवर एक रचून नको.

आणि नवी सुई बसवलीत की तिच्या डबीवर पेन्सिलीनं तारीख घाला. साध्या गोल टोकाची हिऱ्याची सुई साधारण चारशे तास धरली आणि रोज एक एलपी, म्हणजे चाळीस मिनिटं ऐकलं, तर ती सहाशे दिवस, म्हणजे वीसेक महिने जाते. आमच्या डबीवर तारीख घालायचं काम आईनं स्वतःकडे घेतलंय. शेजारी ती त्या दिवशी पहिली कुठली रेकॉर्ड लावली तेही लिहिते.